शेवटी कुणाला सोडायचं

वार्षिक सभेत सगळ्यांनी एकदम आपापल्या बुटांकडे पाहिलं
तेव्हा मी नेमकी खिडकीबाहेर पाहत होते,
म्हणून हे पद माझ्या गळ्यात पडलं:
सुरक्षा अधिकारी, सर्व वयोगट.
दर्वला, तू पोस्टात दिवसभर शिक्केच मारतेस,
त्यात आणखी एक, असं म्हणून चिटणीसबाईंनी किटली लावली.

क्लब म्हणजे अटलांटिककडे पाठ केलेलं एक मैदान,
दोन पत्र्याच्या खोल्या, हर्लिंगच्या काठ्यांचा ढीग,
आणि भिंतीवर एकसष्ट सालच्या पोरांचा फोटो.
काचेत ओल शिरून कडेचे तिघे पुसट झालेत.

मी नियम वाचून दाखवले.
एकट्या मुलाबरोबर गाडीत एकटं मोठं माणूस नको.
खोलीत कुणी असेल तर दार उघडं.
मुलांना रात्री परस्पर मेसेज नकोत.
फिंटन हसला. तेवीस वर्षांनी त्यानेच आम्हाला कप आणून दिला होता.
म्हणाला, आता पोराच्या पाठीवर थाप मारायची
तर आधी पावती फाडायची का?
सगळे हसले.
मीही हसले. ते अजून सलतं.

फिंटनने काही केलं असं मी म्हणत नाही.
मला माहीत नाही, आणि ते ठरवणं माझं काम नाही.
मला फक्त पत्रं क्रमाने लावता येतात:
आधी तळ्याकाठचं घर, मग डेअरीमागचं,
मग चुन्याच्या भट्टीपाशी एक,
आणि चौथं टाइगचं. त्यापुढे आणखी नऊ.
व्हॅन त्याच रस्त्याने जाते.
व्हॅनमधून टाइग शेवटचा उतरतो.

एवढंच कागदावर लिहिलं आणि जिथे द्यायचं तिथे दिलं.

त्यानंतर लोक तिकिटं पेट्रोल पंपावरून घ्यायला लागले.
सामन्याला माझ्या दोन्ही बाजूंना बाक रिकामं.
टाइगची आई म्हणाली, तू त्याचा खेळ बंद पाडशील.
टाइग तिच्या मागे उभा राहून
काठीला गुंडाळलेल्या पट्टीचं टोक सोलत होता, सोलत होता.

शुक्रवारी मॅलकी पेन्शन घ्यायला आला.
मैदानावरच्या पांढऱ्या रेघा हाच मारतो,
पंच्याहत्तरीतही, दोरी न लावता.
नोटा मोजल्या, खिशात घातल्या, आणि गेला नाही.
मागे कुणी नाही हे पाहून म्हणाला,
माझं घर वाटेत दुसरं होतं.

मी काउंटरची फळी खाली ओढली.
चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला.
फोटोतल्या पुसट तिघांतला मधला कोण
ते तेव्हा कळलं.
त्याने सांगितलं त्यातलं एवढंच इथे आहे,
आणि तेही त्याला विचारून.

फॉर्मवर वयाचा एकच रकाना होता.
मी विचारलं, कोणतं लिहू?
तो बराच वेळ पेनाच्या साखळीशी चाळा करत राहिला.
दोन्ही, म्हणाला. जागा पुरेल ना?

फिंटन सध्या येत नाही.
चौकशी चालू आहे की संपली, मला कुणी सांगत नाही,
सांगूही नये.
व्हॅनला पाळ्या लावल्यात, दोन मोठी माणसं असतात,
शनिवारी त्यातला एक मॅलकी.
त्याचाही पोलिसांकडून दाखला मागवला, पाच आठवडे लागले;
नियम आपल्यासाठी वाकवला नाही, यावर तो खूश दिसला.
चेंडूंची पिशवी मांडीवर घेऊन बसतो.
तळं, डेअरी, भट्टी,
चौथ्या घरापाशी दार सरकवतो, बाजूला होतो, काही बोलत नाही.
टाइग उतरतो. निरोप वगैरे घेत नाही.
गेल्या शनिवारी काठी विसरला होता,
फाटकापासून परत आला, घेऊन गेला.
धावत नव्हता.